खोल पाण्याची मच्छी

नागपूरच्या माणसाचं समुद्रावाचून काही अडत नाही. मासा खायचा तर कन्हान आहे, वैनगंगा आहे, गावोगावचे तलाव आहेत. आणि पाणीच पाहायचं तर संध्याकाळी अंबाझरी तलावाच्या पाळीवर भुट्टा खात उभं राहिलं की भागतं. नागसेन रंगारी जन्मात एकदाच समुद्रावर गेला होता, लग्नाच्या वर्षी, आणि तिथून त्याने आणलं काय, तर बाटलीभर खारं पाणी. बायकोने कपाळावर हात मारून घेतला होता. पण पाणी तपासणं हेच त्याचं पोट होतं, त्याला तरी दुसरं काय सुचणार?

हिंगण्याच्या बाजूला एका खासगी प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं विहिरींचं, बोअरचं, नळाचं, नाल्यांचं पाणी तपासत आला होता. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घराला एक शिस्त घालून दिली: तपासल्याशिवाय मानायचं नाही, मग सांगणारा कोणी का असेना. नागसेनने ती शिस्त इतकी अंगी बाणवली होती की इंदोऱ्यातले शेजारी चिडवायचे, हा माणूस चहासुद्धा लिटमस बुडवून पितो.

याच शिस्तीपायी त्याने घरात नदीची मच्छी बंद केली. नद्यांचे आकडे रोज त्याच्या डोळ्यांखालून जात. समुद्राचं गणित मात्र त्याने बसल्याजागी करून टाकलं होतं. एवढ्या अफाट पाण्यात कोणी कितीही विष ओतलं तरी लिटरमागे येणार कितीसं? शून्य, टिंब, आणि पुढे शून्यंच शून्यं. पाण्यापुरतं हे गणित अगदी बरोबर होतं. म्हणून त्याच्याकडे यायची ती समुद्राचीच मच्छी, तीही किनाऱ्याच्या गटारांपासून लांबची, खोलातली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात ते काही उगाच नाही.

बायको गेल्यापासून त्याने स्वतः मांसमच्छी सोडली होती. मच्छी यायची ती लेकीसाठी. भावना उमरेडला दिलेली. जावई प्रीतम कोळशाच्या खाणीत होता, स्वभावाने गायीसारखा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा पोट राहून दोनदा रिकामं झालं होतं, एकदा चौथ्या महिन्यात, एकदा पाचव्यात. दोन्ही वेळा दिवस राहिल्याची बातमी कळताच नागसेन कामाला लागला होता. दर रविवारी सकाळी सदर भागातल्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारातून मच्छी आणायची, स्वतः तळायची, स्टीलच्या डब्यात भरायची आणि उमरेडच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायची. मच्छीने बाळाचा मेंदू चांगला होतो, हे त्याने वाचलं होतं. पोर हातची गेली की डबे बंद व्हायचे, कारण भावनाला मग मच्छीचा वास सोसायचा नाही.

तिसऱ्या खेपेला आठवा महिना लागला आणि नागसेनच्या जिवात जीव आला. मे महिन्याच्या सुरुवातीला तो तिला घरी घेऊन आला. हे मूल जगावं, याच्यापलीकडे त्याला आता आयुष्याकडून काहीही नको होतं. तसं तो मोठ्याने बोलूनही दाखवायचा.

मंगळवारीतली प्रयागबाई त्याची ठरलेली कोळीण. तिच्याकडे थर्माकोलच्या पेट्या रेल्वेने यायच्या. ती बर्फातून एक मोठा, काळपट तांबडा तुकडा काढायची. त्याला काटा नसायचा, खवलं नसायची, तोंड-शेपूट कोणी पाहिलेलं नसायचं.

"हे कोणती मच्छी होय वं बाई?" नागसेनने एकदा विचारलं.

"मले काय मालूम भाऊ. खोलातली आहे इतकंच सांगतेत. पुरी मच्छी मी बी नाही पाह्यली कधी." तिने सुरा दाबला. काप तळहाताएवढा पडला. "पोरगी खाऊन राहिली ना? खाऊ द्या. डोहाळे मारू नये."

डोहाळे तर असे होते की पुसू नका. एरवी चार घास खाऊन ताट सारणारी भावना आता रविवारची वाट पाहीना. तिला रोज मच्छी लागायची. खाताना ती बोलत नसे. खाऊन झालं की कूलरसमोर चटई टाकून एका कुशीवर पडायची आणि दुपारभर झोपायची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ होरपळीचे दिवस, अजून सुरू व्हायचा होता, तरी रस्ते दहालाच ओस पडत. खिडक्यांना ओले पडदे लावलेले, खोलीत हिरवट अंधार, कूलरची एकसुरी घरघर. त्या वाऱ्याला यंदा वाळ्याचा वास नव्हता. नागसेनने दोनदा टाकीतलं पाणी बदललं, जाळ्या घासल्या. वास खारटच येत राहिला. त्याने पाणी तपासून पाहिलं. रोजचं नळाचं पाणी होतं.

नागसेन चार दिवस रजेवर घरी होता, तेव्हा एका सकाळी ती झोपेतच बोलली.

"खाली उजेड नसते बाबा. पण दिसते."

"काय दिसते बेटा?"

तिच्या पोटावरची साडी हलली. नागसेनने सवयीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाळ बरोबर बाराला हललं. तिसऱ्या दिवशी बारा-पन्नासला. मधल्या वेळात ते निपचित असायचं, आणि वेळ झाली की भावनाचं सगळं पोट हळूहळू एका बाजूने वर चढायचं, थोडा वेळ तसंच राहायचं आणि ओसरायचं. ती जागी असली तर हसायची. नागसेनला ते पाहताना आपणच पाण्यावर तरंगत असल्यासारखं वाटे, आणि खरं सांगायचं तर ते सुखाचंच वाटे. माणूस लॅबचा, म्हणून त्याने वेळा कागदावर टिपून ठेवल्या.

तो कागद प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर राहिला आणि हर्षाने पाहिला. हर्षा म्हणजे धातू तपासायच्या विभागातली पोरगी, विशाखापट्टणमला दोन वर्षं शिकून आलेली, कामाला चोख.

"सर, हे भरतीचं टाइमटेबल काहून लिहून राहिले तुम्ही?"

"कशाचं?"

"समुद्राच्या भरतीचं. रोज पन्नास मिनिटं पुढे सरकून राह्यलं ना. कोणतं बंदर आहे?" तिने मोबाइल काढला, बराच वेळ आकडे पाहिले. मग तिचा आवाज जरा उतरला. "विझागचं नाही. मुंबईचं बी नाही. हे... चंद्र नागपूरच्या डोक्यावर येते ना सर, त्या वेळा आहेत ह्या. इथं समुद्र असता तर त्याची भरती."

नागसेन हसला, पण ते हसू त्याला साधलं नाही. मग त्याने भावनाबद्दल सांगितलं, मच्छीबद्दल सांगितलं, आणि सांगता सांगता आपलं समुद्राचं गणितही मोठ्या कौतुकाने सांगितलं.

हर्षाने ते मध्येच थांबवलं. "मोठी मच्छी होय का सर? खोलातली?"

"बरीच मोठी असन. काप पाहिला तर..."

"सर, कारखान्यायचा पारा समुद्राच्या पाण्यात विरते. मच्छीत साचते." तिने टेबलावरच्या टाचण्या ओळीने मांडल्या. "बारीक किडा खाते, त्याले बारीक मच्छी खाते, तिले मोठी खाते. ज्याने खाल्लं त्याच्या अंगात सगळ्यायचं राहते. सगळ्यात मोठी, सगळ्यात म्हातारी जे मच्छी आहे, तिच्यात सगळ्यात जास्त." मोठ्या माशाला खाणारी घरी झोपली होती, आणि तिच्याही पोटात एक जण होतं.

एकतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे कळू नये? नागसेनला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. फ्रिजमधला उरलेला काप त्याने त्याच दुपारी लॅबमध्ये नेला. यंत्रात तुकडा जळाला, आकडा आला. हर्षाने दुसरा तुकडा जाळला. आकडा तोच आला. खाण्याच्या मच्छीत चालतो त्याच्या तो कितीतरी पट होता.

डॉक्टरीणबाईंनी मच्छी ताबडतोब बंद करायला सांगितली. बाकी, घाबरू नका म्हणाल्या, बाळाची वाढ नीट आहे, आपण लक्ष ठेवू.

हर्षाला केस हवे होते. "अंगात पारा किती अन् कधी गेला ते केसात दिसते सर. केस महिन्याले सेंटीमीटरभर वाढते. बाहेर आला का मेला तो. त्याच्यात जे लिहिलं ते लिहिलं, पुसल्या जात नाही."

भावनाचे केस कमरेपर्यंत होते. लॅबला नमुना पाहिजे, एवढंच नागसेनने सांगितलं. तिने काही न विचारता मान खाली केली. त्याने मानेपाशी, अगदी मुळातून एक बारीक बट कापली आणि डोक्याकडच्या टोकाला दोरा बांधला. हर्षाने मुळापासून तीस सेंटीमीटर मोजले, सेंटीमीटर सेंटीमीटरचे तुकडे केले आणि एकेक करून जाळले. अडीच वर्षांचा काळ संध्याकाळपर्यंत जळून झाला.

पडद्यावर आलेख आला. त्यात तीन डोंगर होते. एक जुना, टोकाकडे, लहान. मग सपाटी. मग दुसरा, जरा उंच. पुन्हा सपाटी. आणि मुळाशी तिसरा, सगळ्यात उंच.

"मधेमधेच काहून खाल्ली तिने?" हर्षाने विचारलं.

नागसेन महिने मोजत होता. पहिला डोंगर चौथ्या महिन्यापाशी संपत होता, दुसरा पाचव्यापाशी. ती मधेमधे खात नव्हती. तो मधेमधे पाठवत होता. त्याला एसटी स्टँडवरचे रविवार आठवले, गरम डबा, कंडक्टरचं "देतो ना काका, फिकर नका करू." पोटं कशाने रिकामी झाली हे आता कोणी छातीठोक सांगू शकणार नव्हतं. पण त्याला रडू आलं, आणि हर्षासमोरच तो रडला.

घरी येऊन त्याने भावनाला सांगितलं की आजपासून मच्छी नाही. कारण सांगायची त्याची हिंमत झाली नाही. ती हट्ट करेल, रुसेल, असं वाटलं होतं.

"ठीक आहे बाबा," ती म्हणाली. "तसंही पुरे झालं आता."

"कोणाले पुरे झालं?"

तिने पोटावर हात ठेवला आणि पाठ फिरवून झोपून गेली.

नवतप्याचे नऊ दिवस संपले. जूनच्या मध्यावर, दिवस पुरे भरायच्या आधी तीन आठवडे, भरदुपारी भावना बाळंत झाली. मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सने उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तरी तिने नुसता श्वास घेतला आणि डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत, हातपाय ठणठणीत, काट्यावर दोन किलो आठशे. नर्सने तिला नागसेनच्या हातात देताना मात्र म्हटलं, "सांभाळून काका, भारी आहे." आणि भारी होतीच. त्याला कोपर टेकवून बसावं लागलं. प्रीतम उमरेडहून धावत आला होता, तो दाराशी उभा राहून हुंदके देत होता. तिसऱ्या खेपेला का होईना, घरात जीव आला होता.

आठव्या दिवशी नागसेनने भावनाची दुसरी बट नेली. मच्छी बंद होऊन महिना होत आला होता. मुळाशी आकडा किती उतरला, तेवढंच त्याला पाहायचं होतं.

हर्षाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "सर, हे केस कोणाचे दिले तुम्ही?"

"भावनाचे."

"मग पहिले कोणाचे होते?"

तो लॅबमध्ये गेला. पडद्यावर एक सरळ रेघ होती. मुळापासून टोकापर्यंत, तीस सेंटीमीटर, पारा नाही. डोंगर नाहीत. हर्षाने यंत्र धुऊन, दुरुस्त करून तीनदा करून पाहिलं होतं. मग तिने कपाटातून मागच्या वेळच्या बटीतलं न जाळता राखलेलं, मुळापासून अख्ख्या लांबीचं जुडगं काढलं होतं. कागदी पाकिटात बंद, तिच्याच अक्षरातली तारीख घातलेलं. तेही जाळलं होतं.

"त्याच्यात बी नाही सर," ती म्हणाली. "पाकीट मी स्वतः बंद केलं होतं. कपाटात होतं ते."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मग हर्षाने हळूच विचारलं, "बाळाले केस आहेत का?"

होते. दाट, काळेभोर, दोन बोटं लांब, पोटातूनच घेऊन आलेले. नागसेनने नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण तपासल्याशिवाय मानायचं नाही हे ज्याच्या रक्तात भिनलंय, तो करणार काय? त्याने बारक्या कात्रीने मानेजवळची बट घेतली. मुलगी जागी होती आणि अजिबात हलली नाही.

एवढुशा केसांचे सेंटीमीटर ते कसले पडणार? हर्षाने भिंगाखाली ते मिलिमीटर मिलिमीटर कापले. तीस तुकडे झाले. नागसेन खुर्चीत बसून होता.

पहिला डोंगर आला, टोकाकडे, लहान.

मग सपाटी.

दुसरा आला, जरा उंच.

पुन्हा सपाटी, आणि मुळाशी तिसरा. हर्षाने आईचा जुना आलेख काढून या आलेखावर ठेवला. रेघेवर रेघ बसली.

"हे केस आठ महिन्यांच्या पोटातले नाहीत सर," ती म्हणाली. "हे अडीच वर्षांपासून वाढून राह्यले."

नागसेनने आलेखाचा कागद मागितला नाही. तो उठला, बसने घरी आला. स्टॉपपासून घरापर्यंत चालताना त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दोन पोरं गेली नव्हतीच. एकच होतं. ते दोनदा येऊन परत फिरलं होतं, आणि तिसऱ्यांदा आलं होतं, सगळं सोबत घेऊन, आईकडे कणभरही न ठेवता. याचं त्याने दुःख करावं की आनंद, हे त्याला कळेना. आईला तिने वाचवलं, एवढं त्याने स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

घरी जयवंता, मालिश करायला येणारी बाई, तेलाची वाटी घेऊन निघायच्या बेतात होती.

"बाप्पा, असं लेकरू नाही पाह्यलं मी," ती म्हणाली. "रडणं नाही का काही नाही. भूक लागली तरी रडत नाही. दूध बी जबरदस्तीनं पाजा लागते. कोणाची तरी वाट पाहून राह्यल्यासारखी पाहते दाराकडे." आणि ती चपला घालून गेली.

खोलीत भावना गाढ झोपली होती. किती दिवसांनी तिचा चेहरा असा हलका दिसत होता. बाळ तिच्या शेजारी दुपट्यात जागं होतं. नागसेन हळूच खाली बसला. हात जोडावेत की तिला उचलून छातीशी धरावं, त्याला समजत नव्हतं.

"माफ कर वं माय," तो पुटपुटला. "मले मालूम नव्हतं."

बारा दिवसांच्या पोराची नजर ठरत नाही, असं सगळे सांगतात. हिची ठरली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या हातांकडे पाहत होती, आधी उजव्या, मग डाव्या. हात रिकामे आहेत, डबा नाही, हे तिने नीट पाहून घेतलं.

मग तिने तोंड उघडलं, मोठ्ठं, आवाज न करता, आणि तसंच उघडं ठेवलं.